वीजबिलाच्या मागच्या बाजूला

वीजबिलाच्या मागच्या बाजूला
मी प्रश्न लिहून नेले होते, अकरा.
किती मुलं. किती वर्षं. दुपारी घरात कोण कोण असतं.
गॅस कुठे, गॅलरीला जाळी आहे का,
ताप आला तर पहिला फोन कुणाला.
मृण्मयीची रजा मेअखेर संपत होती
आणि हे काम माझ्याकडे आलं होतं, कारण
तुला माणसं कळतात, असं ती एकदा म्हणाली होती.
लग्नाआधी.

टागोरनगरातल्या पहिल्या घरात कॅमेरे होते, चार.
दिवसभर मोबाइलवर बघा, म्हणाल्या.
भिंतीवर अस्वलं, खाली रबराची चटई
आणि सगळी पोरं इतकी गप्प
की मला शाळेतली तपासणी आठवली,
साहेब यायच्या आधीची.

दुसऱ्या घरात वरणभाताचा वास चांगला होता.
बाईही चांगल्या. पण टीव्ही चालू होता
आणि मी आत आलो तेव्हा एकाही पोराने मान वळवली नाही.
त्यांनी न विचारता पैसे सांगितले,
मग न विचारता कमी केले.
जिना उतरताना तो कमी केलेला आकडा टोचत राहिला.

तिसरं, कन्नमवार नगर, म्हाडाची इमारत,
खाली पिठाची गिरणी.
हेमांगी कुडतरकरांनी दार उघडलं ते कडेवर मूल घेऊन,
बोलता बोलता त्याचं नाक पुसत.
"चपला आत घ्या. बाहेर ठेवल्या की कुत्रा नेतो."
दारामागे खडूने चार नावं, चार नंबर, खाली डॉक्टर,
त्याखाली: अद्वयला शेंगदाणा नाही. कूटसुद्धा नाही.
बाटल्यांवर नेलपॉलिशने आद्याक्षरं.

मी बिल उलटं केलं, पहिला प्रश्न वाचला.
"चार," त्या म्हणाल्या. "पाचवं घेत नाही.
एक कडेवर, एक पदराला, दोघांवर डोळा.
पाचव्याला काय देऊ?"
"म्हणजे जागा नाही?"
"एक जातंय जूनमध्ये, बालवाडीत. बसा."

आणि मग त्याच विचारायला लागल्या.
झोप आली की कशी रडते? भुकेने कशी?
कुठल्या कुशीवर निजते?
नवं माणूस दिसलं की तोंड लपवते, की टक लावते?
घरात काय म्हणता तिला?
कागदावरचं नको, हाकेचं सांगा.

"भुंगी," मी म्हणालो.
एवढंच आलं मला. बाकी पेपर कोरा.
मी फोन काढला तसा त्यांनी हात आडवा केला.
"तिला येतं ते मला ठाऊक आहे.
सोमवारपासून रोज तासभर येऊन बसा, पोरीला घेऊन.
तुम्ही मला बघा, मी तुम्हाला बघते.
जमलं तर पैशाचं बोलू."

सोमवारी ती रडली. मंगळवारी मी कंटाळलो.
बुधवारी कुणीतरी गुडघ्यावर चढून माझा चष्मा काढला
आणि स्वयंपाकघरातून, न बघता, आवाज आला,
"अद्वय, काकांना परत दे."
गुरुवारी भुंगी कान ओढायला लागली, डावा,
आणि गिरणीच्या घरघरीवर मी मोठ्याने बोललो,
झोप आलीय तिला!
आतून नुसतं "हं" आलं.

उरलेले दहा प्रश्न विचारायचे राहिले.
जाळीला मी स्वतः हात लावून पाहिला, घट्ट होती.
दुपारी त्या घरात कोण असतं,
तर त्या आठवड्यात मी होतो.
बिल भरायचंही राहिलं. दंड लागला.

शुक्रवारी रात्री मृण्मयीने विचारलं, कशा आहेत?
मी म्हणालो, पास झालो.
ती हसली.
भुंगीच्या छोट्या उशीचा अभ्रा घडी करत होती,
घडी झाली होती,
तरी करत राहिली.